आईच्या झग्याची पाठ

आमच्या घरात शिवणकाम माझ्याकडे होतं. होतं म्हणतोय.

कुणी शिकवलं नाही मला. जुन्या पँटी उसवल्या, व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले, बोटांची चाळण करून घेतली. कशासाठी, तर शहराबाहेर एक दोनशे वर्षांचं मोठं घर आहे, त्यासाठी. आता ते संग्रहालय आहे. वर्षातून एक दिवस तिथे आमच्यासारखी कुटुंबं त्या काळचे कपडे घालून राहतात, आणि लोक बघायला येतात. कपडे घरीच शिवलेले हवेत. सकाळी दारात तिथल्या व्यवस्थापक बाई भिंग घेऊन एकेक शिवण तपासतात. सगळे त्यांना भिंगवाल्या म्हणतात. त्यांना कपडे पसंत पडले तर तुम्ही वरच्या दिवाणखान्यात मालक. नाहीतर खाली स्वयंपाकघरात नोकर.

आम्ही चार वर्षं नोकर.

आई शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, सगळं धुऊन पुसून ठेवायचं. तिला एकदा वर, उंच खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं होतं. "जन्मभर भांडी घासतेय, तिथे जाऊनही भांडीच," म्हणायची. हसत म्हणायची, पण दरवर्षी म्हणायची. तिला त्या खुर्चीत मी बसवणार होतो. मी.

मग दादाचं लग्न झालं.

वहिनीची आई शाळांचे गणवेश शिवायची. वहिनी मशीनखालीच रांगायला शिकली म्हणे. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच तिने बाबांची पँट अशी काही आल्टर केली की बाबा आरशासमोरून हलेनात. "बघ, पोट गेलं!" बाबा मला म्हणाले. पोट कुठे जातंय? होतं तिथेच होतं. पँट चांगली बसली होती, एवढंच. ते मला दिसत होतं, तेच तर दुखत होतं.

यंदा आईने डाळिंबी मखमल आणली. एकाच ताग्यातून, तिच्या झग्याला आणि माझ्या कोटाला. मायलेक एका रंगात दिवाणखान्यात. माझा कोट मी पहिल्याच आठवड्यात पुरा केला, गुडघ्यापर्यंत, खाली भरपूर घेर. मग आईसमोर टेप घेऊन उभा राहिलो.

"अरे छोट्या," आई म्हणाली, "झगा यंदा तिला शिवू दे."

"का?"

"का म्हणजे? तिला हौस आहे. नवीन आहे ती घरात."

"आणि मी जुना झालो का?"

"तू ना, लहान पोरासारखं करतोस," आई म्हणाली आणि कापड उचलून वहिनीच्या हातात दिलं. माझ्या समोर.

दादा म्हणाला, "टेलर, तुझं दुकान बसलं वाटतं." मी हसलो. हसावं लागतं.

आता खरी गोष्ट. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर बोटाला अडते. झग्याचे सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापावे लागतात. एक जरी तुकडा उलटा गेला तरी उजेडात त्याचा रंगच वेगळा दिसतो. हे मला कसं माहीत? मी मागे एका वर्षी दादाचं मखमली जाकीट तसंच घालवलं होतं. अर्धं लाल, अर्धं काळपट. दादा एका बाजूने पिकल्यासारखा दिसायचा.

गणवेशाच्या कापडाला लव नसते. तिथे तुकडे उलटसुलट, डोक्याला पाय लावून बसवायचे आणि कापड वाचवायचं. वहिनीने तेच केलं. जमिनीवर मखमल पसरली, घेराचे तुकडे मांडले, उरलेल्या जागेत पाठीचा कागदी खाका नेमका उलटा बसवला.

"बघा भावजी, हातभर वाचलं!" किती खूश होती.

मी खुर्चीत चहा पीत होतो. मला दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "वा."

कात्री चालली.

मग तीन आठवडे मी वाट बघत होतो. आई आतल्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली झगा घालून बघायची. तिथे काही कळत नव्हतं. "किती हलका हात आहे गं तुझा," आई म्हणायची. मी पलीकडे बसून मनात म्हणायचो, येऊ दे तो दिवस. दारातल्या उजेडात भिंगवाल्या विचारतील, ही पाठ काळी का? मग कळेल आईला.

मग आई परत खाली भांडी घासेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरीही.

आठ दिवस राहिले होते. आई कामावर. वहिनी दोरे झटकायला झगा घेऊन गच्चीवर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी वर गेलो. ती झगा कधी पुढून, कधी मागून उन्हात धरत होती. तिने पाठीवरून हात फिरवला. मग घेरावरून. मग माझ्याकडे बघितलं.

"भावजी, मी कापत होते तेव्हा तुम्ही समोरच होतात ना?"

"हो."

"तुम्हाला हे माहीत असणार."

"हो."

"दिसलं होतं?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "दिसलं होतं," मी म्हणालो. "आईने कापड तुम्हाला दिलं म्हणून बोललो नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली. "माझं पहिलंच वर्ष आहे हो इथे," म्हणाली. "आणि आईंची ती खुर्ची."

वाचलेली हातभर मखमल वहिनीने झालरीला लावून संपवली होती. दुकानात तो रंग पुन्हा नव्हता. त्या ताग्यातलं कापड आता एकाच ठिकाणी होतं. मी खाली येऊन माझा कोट उसवायला घेतला.

कोटाच्या घेरातून झग्याची पाठ निघाली, लव बरोबर दिशेला. वहिनी म्हणाली, "तुम्हीच लावा, मला आता भीती वाटते." खाका तिचाच, पण आईला जरा पोक आहे, ते तिच्या मापात नव्हतं. मी मधोमध अर्धा इंच जास्त सोडला, खांदे हाताने ओढून घेतले, सगळं हातटाक्याने. आई यायच्या आत झगा हँगरला.

"मला दिसलं होतं, ते आईला सांगू नका," मी म्हणालो.

"मग पाठ तुमची, तेही सांगायचं नाही. एक सांगितलं की दुसरं निघणारच."

ठरलं. कोट इस्त्रीने जळला, असं मी सांगितलं. आईने डोक्याला हात लावला. "मखमलीवर गरम इस्त्री? आणि म्हणे पाच वर्षं शिवतो!"

संग्रहालयाच्या दिवशी भिंगवाल्यांनी झग्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जिन्याकडे बोट केलं. आई, बाबा, दादा, वहिनी वर. माझ्या अंगात गेल्या वर्षीचा नोकराचा सदरा. "तुम्ही खाली. मालकांना नोकर लागतोच," भिंगवाल्या म्हणाल्या.

मी तांब्याचे हंडे घासत होतो. वरून लोकांचे आवाज येत होते. कुणी शिवला हो? आईचा आवाज सगळ्यांत मोठा: "माझ्या सुनेने!" दर पाच मिनिटांनी. मी मोजायचं सोडून दिलं.

दुपारी आई खाली आली, घेर उचलून धरत. मागे वहिनी.

"हे बघ," आई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. हात वर केले, खाली केले. "त्या बाई म्हणाल्या, झगा छान आहे, पण पाठ म्हणजे कमाल. बघ, कुठे ओढत नाही. तू शिवलेल्या सगळ्या झग्यांत मला पाठीला काचायचं रे. बोलले नाही कधी, तुला वाईट वाटेल म्हणून. शिकून घे हिच्याकडून."

वहिनीने तोंड उघडलं. मला दिसलं, ती सांगणार होती.

"शिकतो ना," मीच आधी बोललो. "हात चांगला आहे त्यांचा."

"आता कसं शहाण्यासारखं बोललास!" आईने माझ्या गालावर चापट मारली आणि निघाली.

वहिनी थांबली. "भावजी..."

"जा वर. कुणी खुर्चीत बसेल."

वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो. वाटलं. वहिनीचा इतका राग मला उभ्या वर्षात आला नव्हता, आणि बिचारीने केलं काहीच नव्हतं.

मी सदऱ्याला हात पुसत जिन्याच्या तोंडाशी गेलो. आई सावकाश चढत होती, एक हात कठड्यावर. ती वळेपर्यंत पाठ बघून घेतली. एक सुरकुती नव्हती.