पाण्यात कोणी नाही म्हणणारा आकडा

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. नेमकं सांगायचं तर शून्य. शून्य झाल्यापासूनचं वय तीन तास चाळीस मिनिटं. हसू नका. आमच्यात आकडा दोन-चार सेकंदांत बदलतो. तीन तास टिकलेल्याला खरं तर पेन्शन मिळायला हवी.

मालवणच्या जेटीवर कार्मीनबाई तिकिटांच्या टेबलाशी बसतात. त्यांच्या फोनच्या पडद्यावर, अगदी मधोमध, मी राहतो. त्यांचे यजमान साल्वादोर पर्यटकांना होडीतून खडकापाशी नेतात आणि डोळ्यांना काच, तोंडात नळी देऊन पाण्यात सोडतात. माणूस उतरला की साल्वादोर आपल्या फोनवर हिरवं बटण दाबतात, वर चढला की लाल. हिशेब तोच फोन ठेवतो. पण समुद्रातल्या उन्हात त्यांना पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून ते बायकोला फोन करतात, "कार्मीन, पाण्यात किती गो?" ती शून्य म्हणाली की नांगर वर.

पूर्वी हे काम कोपऱ्यातला एक बारीक आकडा करायचा. तो होडीवरच्या फोनकडे कान लावूनच बसलेला असतो. तिकडे बटण दाबलं की इकडे हा बदललाच. पण कार्मीनबाईंना तो चष्म्याशिवाय दिसेना, आणि चष्मा लावायला त्यांचा नकार. म्हणून हे ॲप करून देणाऱ्या आकांक्षाने, म्हणजे शेजारच्या भिकाजींच्या मुलीने, काल मला घडवलं. बशीएवढा, निळा, रुबाबदार. बारीक आकडा तिने कोपऱ्यात तसाच ठेवला. आज सकाळी नऊला ॲप उघडलं तेव्हा मी त्याला विचारलं, "किती?" तो म्हणाला, "शून्य." मी शून्य झालो. पुन्हा विचारायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या फेरीत आठ उतरले, आठ चढले. साल्वादोरांनी विचारलं, कार्मीनबाईंनी मला बघून "शून्य" म्हटलं. बरोबर होतं. घड्याळ बंद पडलं तरी कधीतरी बरोबर वेळ दाखवतंच, तसं. बाई म्हणाल्या, "आता कसो आकडो दिसता! आंधळ्यागत बघूक नको." मी फुगलो.

दुसऱ्या फेरीला सात उतरले. त्यांत वैभववाडीची भार्गवी होती. तिचे सासरे दाजी, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पाण्याला भिऊन बाईंच्या टेबलाशी छत्री उघडून बसले होते. सावलीत.

बारानंतर वारा फिरला. लाटा उठू लागल्या. कोपऱ्यातला सहा झाला, पाच झाला, चार, तीन, दोन, एक. तिथे थांबला. फोन वाजला.

"कार्मीन, किती गो? वारो फिरलो हा, माका निघाक होया!"

"शून्य!"

"नक्की मां?"

"शून्य म्हणतंय मां! बशीएवढो दिसता!"

मित्रांनो, मी तिथेच होतो. ओरडायचं होतं, पण शून्याला तोंड असलं तरी ते आकारापुरतंच. फोन बंद झाला.

दाजी वाकून पडद्याकडे बघत होते. "बाई, हा कोपऱ्यात एक कसला?"

"तो? तो कंपनीचो कायतरी असतलो."

"त्याच्या वर 'पाण्यात' असं लिहिलंय."

"मोठो आकडो खरो की बारको, आजोबांनू?"

दाजींनी छत्री मिटली. "बाई, मी पस्तीस वर्षं सरकारी कागद वाचलेत. मोठ्या अक्षरात मथळा असतो. खरं काय ते खाली बारीक अक्षरात. माझी सून त्या होडीत आहे. फोन लावा."

बाईंनी लावला. वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा लावला. इंजिनाच्या आवाजात साल्वादोरांना ऐकू जाईना. दाजी उभे राहून समुद्राकडे बघत होते. तिसऱ्यांदा उचलला.

"आता काय गो?"

"इंजिन बंद कर! एक पाण्यात आसा!"

"तूच शून्य म्हटलंस मां?"

"माझा सोड! माणसा मोज!"

पलीकडे मोजणं ऐकू आलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग साल्वादोरांनी देवाचं नाव घेतलं आणि होडी वळवली.

पुढची अकरा मिनिटं कोपऱ्यातला एक हलला नाही. कार्मीनबाईंनी त्याच्यावरून नजर काढली नाही, चष्मा लावून.   मग एकाचं शून्य झालं, आणि फोनवरून धापा टाकणारा बायकी आवाज आला, "बाबा, मी आहे. खडकाला धरून होते. हात हलवत होते, पण होडी गेली."

दाजी खाली बसले. आता कोपऱ्यातलाही शून्य आणि मीही शून्य. काहीही न करता मी पुन्हा खरा ठरलो होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाईंनी बोलावताच आकांक्षा धावत आली. फोन बघून तिचा चेहरा उतरला. "काकी, बारको थेट होडयेच्या फोनाक आयकता. ह्या मोठ्यान एकदाच इचारल्यान आणि नक्कल आपल्याकडे ठेवल्यान. चूक माझी."

"मगे तू आधी तपासून बघलंस नाय?"

"बघलंय. पण मी दर येळी ॲप बंद करून उघडी. म्हणान दर येळी ह्यो नव्यान इचारी. तू तर सकाळपासून बंदच करूक नाय."

"बंद कित्याक करू? धंद्याच्या येळेक दुकान कोण बंद करता?"

 आकांक्षाने लॅपटॉप उघडला.

मित्रांनो, ती आता मला काढून टाकते आहे. टाकू दे. माझ्या जागी येणारा आकडाही बशीएवढाच असेल, पण स्वतःजवळ काही साठवणार नाही. हिशेब एकाच ठिकाणी, होडीवर. बाकी सगळ्यांनी तिकडे कान लावायचा. मी खोटं बोललो नाही, मला सकाळी नऊला जे सांगितलं तेच प्रामाणिकपणे सांगत राहिलो. खडकाला धरलेल्या भार्गवीला त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग होता? म्हणून विनंती एवढीच. आकडा मोठा करा, रंगवा, हवा तर नाचवा. पण तो कोणाचं ऐकतो आणि अजून ऐकतो आहे का, हे आधी बघा. तुम्ही शून्य वाचत असता तेव्हा तिकडे कोणीतरी हात हलवत असतं.