परबेवरची बसलेली बाई

लहरीपुऱ्याच्या दरवाजाबाहेर, लिंबाखाली मथुराबाईंची परब होती. परब म्हणजे पाणपोई; पण बडोद्यात आपली मराठी माणसंही परबच म्हणत. नवरा सरकारी पागेत होता. तो गेल्यापासून बाई उन्हाळेच्या उन्हाळे तिथं उभ्या राहून वाटसरूंच्या ओंजळीत पाणी घालत आल्या होत्या.

महाराजांच्या त्या काळात शहरात पुतळे दिसू लागले होते. पेठेतले वडीलधारे श्रीपतराव एकदा म्हणाले, "मोठ्यांचे पुष्कळ झाले. आता आपल्या मथुरावहिनींचा हवा." कलाभवनात मूर्तिकाम शिकलेल्या हेरंबाला त्यांनी काम सांगितलं.

दुपारी गर्दी ओसरली की हेरंब माती घेऊन यायचा.

"काकू, कळशी जरा वर. मान ताठ."

"सकाळपासून उभीच आहे रे. आता तुझ्यासाठी उभी. आणि दगड झाल्यावर?"

"मग तर कायमच्याच उभ्या!" हेरंब हसला.

बाई हसल्या नाहीत. गुडघे सुजले होते. त्यांनी कळशी खाली ठेवली. "मग नको मला तो दगड. मेल्यावरही पाय दुखायचे. करायचीच तर बसलेली कर."

श्रीपतराव तिथंच होते. "बसलेली? लोक म्हणतील, भाजी विकायची ही बाई! पाणी पाजताना दिसायला हवं, वहिनी."

"पाणी पाजलं ते गावाला ठाऊक आहे, भावोजी. थकले ते कुणाला ठाऊक आहे?"

हेरंब दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "बसा बरं काकू, पाहू."

बाई लिंबाला टेकून बसल्या. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना. शेवटी ते मांडीवर तसेच पडून राहिले, मान कलली, आणि त्यांचा डोळा लागला. हेरंबानं उभी मूर्ती मोडली आणि तोच गोळा घेऊन नव्यानं सुरुवात केली.

श्रीपतराव काही बोलणार, तोच हेरंबानं ओठांवर बोट ठेवलं. इतक्यात अकोट्याकडच्या बैलगाड्या येऊन थांबल्या. तहानलेले गाडीवान एकामागून एक ओंजळ धरून वाकले. श्रीपतरावांनी झोपलेल्या बाईंकडे पाहिलं, अंगरख्याची बाही वर सारली आणि कळशी उचलली. निम्मं पाणी त्यांच्याच जोड्यांवर सांडलं.

शेवटची गाडी हलली, तेव्हा ते कंबर धरून हळूच म्हणाले,

"हेरंबा, बसलेलीच असू दे रे."