प्रश्न अकरावा

"छत्तीस माणसं, सर. प्रत्येकाचं एकच उत्तर चुकलंय, आणि सगळ्यांचं तेच चुकलंय," डोरायनं कागद टेबलावर ठेवला. "हा योगायोग नाही."

वालमोरियांनी कागद उचलला, पण त्यांची नजर दुसऱ्याच रकान्यावर गेली. "चार मिनिटं! मॅम डोराय, पूर्वी ह्याच धोबीखान्यातल्या आणि साफसफाईच्या लोकांना तुम्ही अख्खा दिवस सभागृहात बसवायचात ना? आता चार मिनिटांत बारापैकी अकरा बरोबर. दहाला पास. आणखी काय पाहिजे?"

"पण अकरावाच का चुकावा?"

"अवघड असेल."

"मीच लिहिलाय तो. सोपा आहे."

वालमोरिया हसले. मनिलाहून येऊन ह्या हॉस्पिटलचे प्रशासक होऊन त्यांना आठच महिने झाले होते, आणि तपासणी नऊ दिवसांवर आली होती. चारशे बारा कर्मचाऱ्यांपैकी प्रत्येकानं सक्तीचं वार्षिक प्रशिक्षण पूर्ण केलंय, असा कागद त्यांना तपासनिसांपुढे ठेवायचा होता. "मॅम, तपासनीस टक्के बघतात. तुमचा अकरावा प्रश्न कोण बघतंय?"

डोराय कागद घेऊन आपल्या खोलीत आली.

तिचं पूर्ण नाव तेओदोरा नोब्लेसाडा. इलोइलो शहरातल्या ह्या हॉस्पिटलात बावीस वर्षं तिनं वॉर्डात नर्सचं काम केलं होतं. एकदा न्हाणीघरात घसरणाऱ्या एका जाडजूड पेशंटला तिनं एकटीनं सावरलं. पेशंट वाचला, तिची कंबर गेली. मग तिला वॉर्डातून काढून प्रशिक्षणाच्या खुर्चीवर बसवलं. आग लागली तर काय करायचं, हात कसे धुवायचे, पेशंटला कंबर न मोडता कसं उचलायचं, हे ती दरवर्षी सगळ्यांना शिकवायची. लोक सभागृहात येत, सही करत, पडद्यावरची चित्रं सुरू झाली की डुलक्या काढत आणि मधल्या सुट्टीतला पान्देसाल पाव खाऊन जात. तेवढा दिवस वॉर्डात उरलेल्या नर्सवर दुप्पट पेशंट पडत. हे बघवेना म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनंच कॉम्प्युटर मागून घेतला. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्यानं बारा प्रश्न सोडवायचे. ते प्रश्न लिहायला तिनं तीन महिने घालवले होते. एकेक प्रश्न पुस्तकातून पडताळून घेतला होता.

अकरावा प्रश्न असा होता : वापरलेल्या चादरी कुठे उलगडून वेगळ्या कराव्यात? बरोबर उत्तर, धोबीखान्यात. आणि धोबीखान्यातल्याच लोकांनी एकमुखानं ठोकलं होतं, रुग्णाच्या खाटेपाशी.

तिनं आदल्या वर्षीचे निकाल काढले. तेव्हा चौतीस माणसं होती. चौतिसांचंही अकरावंच उत्तर चुकलेलं. निकाल तिच्याच कपाटात वर्षभर पडून होता आणि तिनं फक्त खालची बेरीज बघितली होती.

ती कठडा धरून एकेक पायरी तळघरात उतरली.

धोबीखान्यात मशीनचा आवाज एवढा होता की माणसं हातवारे करूनच बोलत होती. मधल्या लांब टेबलापाशी साठीला टेकलेली एक बाई चादरींचं गाठोडं सोडत होती. ही पर्लिता सुमागायसाय. तळघरात सगळे तिला मानांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. कंत्राटी एजन्सीची बाई, पण सतरा वर्षं इथेच. डोरायच्या हातातला कागद बघून ती थांबली. हातमोजे काढले. मशीन बंद करायला सांगितलं.

"आलात का शेवटी?" ती म्हणाली. "मला वाटलं, पहिल्याच वर्षी याल."

"म्हणजे तुम्हीच दिलीत सगळ्यांची उत्तरं?"

"मीच दिली. खोटं कशाला बोलू? जेवायच्या सुट्टीत वर जाऊन कॉम्प्युटरपुढे रांग लावायची कुणी? आमच्यातल्या निम्म्यांना तो बटणांचा फळा बघूनच घाम फुटतो. मी प्रत्येकाचा नंबर घेतला आणि एका बैठकीत उरकून टाकलं."

"मानांग, ह्यानं नोकरी जाते. माहितीय ना?"

"माहितीय."

"आणि अकरावा?"

"उत्तर येतं मला, मॅम. चादर वॉर्डात झटकायची नाही, घाण उडते. धोबीखान्यात सोडायची. सतरा वर्षं सोडतेच आहे की! पण दोन चुकली तरी पास होतं, असं तुम्हीच लिहिलेलं. म्हटलं, एक चूक आपल्या मालकीची. छत्तीस वेळा एकच चूक केली तर वर बसलेलं कुणीतरी विचारेल, का गं बाई? गेल्या वर्षी कुणी विचारलं नाही. म्हणून ह्या वर्षी परत केली."

"तोंडी का नाही सांगितलंत?"

"कुणाला? एजन्सीच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला हॉस्पिटलला सांगा. हॉस्पिटल म्हणालं एजन्सीला सांगा."

तिनं भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. चादरींत सापडलेल्या वस्तू तिथे ओळीनं मांडल्या होत्या. चष्मे, जपमाळ, एक मोबाइल, वरच्या जबड्याची कवळी. "ही कवळी कुणी अजून मागायला आलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हातारा खिमट खाऊन राहिलाय वाटतं." सगळे हसले. शेवटी दुधाच्या भुकटीचा एक डबा होता. पर्लितानं तो डोरायच्या हातात दिला. आत सुया होत्या. टोपण नसलेल्या, काहींवर रक्त वाळलेलं.

"ह्या नुसत्या ईस्टरआधीच्या होली वीकपासूनच्या आहेत," पर्लिता म्हणाली. "मला तीनदा टोचल्या. तो बॉयलरवाला तेओफिलो, त्याला एकदा. ज्यानं सुई वापरली त्यानंच ती बघावी की नाही? म्हणून मी 'खाटेपाशी' दाबलं."

डोरायनं डबा खाली ठेवला. वॉर्डात असताना दमलेल्या पहाटे तिनं स्वतः किती चादरी न बघता गुंडाळून खाली ढकलल्या होत्या, ते तिला आठवेना. कधी मोजल्याच नव्हत्या.

वर जाताना तिला कळत होतं, गप्प बसलं तर टक्के शंभर राहतात आणि पर्लिताची नोकरीही राहते. सांगितलं तर दोन्ही धोक्यात. पण मग सुया तशाच खाली येत राहणार. तिसऱ्या मजल्यावर वालमोरियांच्या दारापाशी ती कंबर धरून क्षणभर उभी राहिली आणि आत गेली.

"छत्तिसांची परीक्षा एकटीनं दिली? कोण ती?" वालमोरिया उठूनच उभे राहिले.

"नाव सांगते. आधी माझ्याबरोबर खाली चला."

"मॅम, मला वेळ नाही."

"चारच मिनिटं, सर."

धोबीखान्यात पर्लितानं त्यांना नमस्कार केला आणि जाड हातमोजे पुढे केले. पहिल्या गाठोड्यात काही निघालं नाही. दुसऱ्यात एक चमचा निघाला. वालमोरियांनी घड्याळ बघितलं. तिसरं ते सोडत असताना पर्लिता एकदम ओरडली, "हात मागे!" त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर उशीच्या अभ्र्यातून सुईचं टोक बाहेर आलं होतं.

वालमोरियांनी हातमोजे काढले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तुम्हाला पत्र द्यावं लागेल," ते पर्लिताला म्हणाले. "ताकीद. दुसऱ्याच्या नावानं परीक्षा दिल्याची. ते मला टाळता येणार नाही."

"द्या, सर. चूक केलीय."

"आणि हे छत्तीस निकाल रद्द." ते डोरायकडे वळले. "नऊ दिवसांत परत होईल? खरंखुरं?"

"कॉम्प्युटरवर नाही होणार," डोराय म्हणाली. "मला प्रत्येक पाळीची सुरुवातीची दहा मिनिटं द्या. जिथं काम, तिथं उभ्या उभ्या. ज्याच्या कामाचं जे आहे तेवढंच. धोबीखान्याला आगीच्या शिडीचं आणि पेशंट उचलायचं कशाला विचारायचं? आणि नर्स, डॉक्टर सगळे एकदा इथे, ह्या टेबलापाशी. शिकवायला मानांग."

"डॉक्टर येतील तळघरात?"

"तुम्ही आलात की."

आठव्या दिवशी काम पुरं झालं. पुस्तक चुकलं नव्हतं आणि पर्लिताही चुकली नव्हती. चादर सोडायची धोबीखान्यातच, पण गुंडाळण्याआधी खाटेवरून एकदा नजर फिरवायची, सुई दिसली तर तिथल्या तिथे सुयांच्या डब्यात टाकायची. पर्लिता हे दोन वाक्यांत सांगायची आणि समोरच्याला हातमोजे घालायला लावायची. एक सर्जन म्हणाले, "मी कधी चादर गुंडाळतच नाही." ती म्हणाली, "डॉक्टर, पण सुई चादरीवर ठेवता तुम्हीच." त्यांनी हातमोजे घातले. तपासनीस आले, टक्के बघितले आणि गेले. पुढच्या तीन महिन्यांत चादरींतून चारच सुया निघाल्या.

मधल्या काळात डोरायनं आणखी एक गोष्ट शोधून काढली. हॉस्पिटलच्या माणसांना रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस मिळायची, एजन्सीच्या माणसांना नाही. कुणी नाकारली नव्हती, यादीच वेगळी होती. वालमोरियांनी दोन्ही याद्या एक केल्या. लसीआधी छत्तीस जणांचं रक्त तपासलं. पस्तीस अहवाल स्वच्छ आले.

डॉक्टरांच्या खोलीत डोराय पर्लिताच्या शेजारी बसली होती. आजार जुना आहे, डॉक्टर म्हणाले. सुईतून आला की जन्मापासून आहे, आता कुणी सांगू शकत नाही. यकृत सध्या ठीक आहे. दर सहा महिन्यांनी तपासायचं, आयुष्यभर. लसीचा उपयोग नाही.

पर्लितानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नातीला मी माझ्या ताटातून भरवते. चालेल?"

"चालेल, मानांग. जेवणातून नाही होत. आणि तिला जन्मतःच लस मिळाली असेल, तरी कार्ड आणून दाखवा."

"मग ठीक," ती म्हणाली. जिना उतरताना मात्र तिनं डोरायचा दंड धरला आणि खालपर्यंत सोडला नाही. दोघी एकेक पायरी उतरत होत्या. कोण कुणाला धरून चाललंय, ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

लसीच्या दिवशी धोबीखान्याबाहेर रांग लागली. नर्स नवी होती. बॉयलरवाला तेओफिलो, सहा फुटी गडी, खुर्चीत बसल्यावर पांढराफटक पडला. पर्लिता त्याच्यापाशी गेली. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. सकाळी काय खाल्लंस?"

"बाचोय, शेवयांचं."

"किती वाट्या?"

"दोन. तिसरी मा—" सुई टोचून बाहेर आली होती.

रांग हसली. शेवटचा माणूस संपल्यावर नर्सनं यादीवरून बोट फिरवलं. "एक नाव राहिलंय. सुमागायसाय कोण?"

"मी. मला नकोय ती," पर्लिता म्हणाली. तिनं खुर्ची उचलून भिंतीला लावली, हातमोजे चढवले आणि पुढचं गाठोडं टेबलावर ओढलं.