बाबांची पट्टी

चर्र... घर चिडीचूप असताना चिकटपट्टी सोलल्याचा आवाज आला आणि मी दचकून उठले. लेकीच्या डोळ्यावरची पट्टी. सकाळची तिचा बाबा लावतो, संध्याकाळची मी. एरवी या वेळी मी कारखान्यात बाटल्या उजेडासमोर धरून काचेतले तडे शोधत असते. आज भट्टी बंद, म्हणून घरी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उजवा डोळा चांगला आहे, तो झाका; म्हणजे आळशी डावा कामाला लागेल. लहान आहे तोवरच सुधारेल, पुढे कठीण. उद्या तपासणी.

त्यात लेकीचं एकच पालुपद, "बाबांची पट्टी छान. तुझी घाण." माझ्या पट्टीत ती रडायची, मणी भिरकावायची, माझ्या तोंडावर हात मारायची. मी तो झटकायची. बाबांच्या पट्टीत मात्र म्हणे अख्खी माळ ओवून व्हायची!

"माझ्या हाताला गुण आहे," नवरा कॉलर ताठ करायचा.

"लाडावून ठेवलीयस नुसती!" मी फणकारायची. खरं तर आतून जळायची. दिवसभर बाहेर असणारी आई नकोशी झालीय, असंच धरून चालले होते.

दारातून डोकावले. लेक खिडकीपाशी खुर्चीवर, नवरा तिच्यासमोर उकिडवा. त्याने पट्टी अलगद दाबून बसवली आणि मी धावत आत गेले.

"अरे, कुठला झाकलास?"

"उजवा."

"कुणाचा उजवा?"

त्याने स्वतःचा उजवा हात पाहिला, मग तिचं तोंड, मग पुन्हा हात. "मेलो," तो पुटपुटला.

मी तिला पाठमोरी मांडीवर घेऊन पट्टी लावते. माझा उजवा तोच तिचा. तो समोर बसतो. इतके दिवस दोघंही बिनधास्त "उजवाच" म्हणत होतो, आणि रोज सकाळी आळशी डोळा पट्टीआड आराम करत होता.

मी ती पट्टी सोडवली, तिला मांडीवर घेऊन नवी लावली. लगेच मुसमुसणं सुरू.

"मी आवडत नाही का गं तुला?" तोंडातून गेलंच.

"आवडतेस. पण तुझ्या पट्टीत तुला तोंडच नसतं." ती वळली. हात माझ्या नाकावर आपटला, गालावरून ओठांपर्यंत चाचपत गेला. "हसतेस की रागावलीस, कळत नाही."

या वेळी मी तो झटकला नाही.

"आई, तुला कुठे पट्टी आहे," ती म्हणाली. "तुला मी नीट दिसते ना?"