मागच्या बाकावरचा दुपट्टा

मी दुपट्टा बोलतोय. लग्नात मिरवायचा रेशमी नव्हे हो. नागपूरच्या पोरी उन्हात डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला गुंडाळतात ना, तो सुती, पांढऱ्यावर निळी फुलं असलेला. तुम्ही सिग्नलवर मला शंभरदा पाहिलंय. ओळख ठेवली नसेल. मीही ठेवली नाही.

जन्म मागावरचा, पण अक्कल आली ती बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवर. तिथे एका दोरीवर आम्ही चाळीस भाऊ टांगलेलो. बाया यायच्या, आम्हाला चोळून बघायच्या, नाकं मुरडायच्या आणि शेवटी आधी नाकारलेलाच घेऊन जायच्या. माणसांची पारख मला तेव्हाच झाली.

मला घेतलं काजलनं. सोळा वर्षांची पोरगी, अकरावीच्या ट्यूशनसाठी भिवापूरहून नागपूरच्या नंदनवन भागात मामीकडे आलेली. आमचं पहिल्याच दिवशी जमलं, कारण तिचाही माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. गावाकडे तिनं गोपिकाला, आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, एक गोष्ट सांगितली होती: घरी कोणी नसलं की मी वासराशी बोलते. दुसऱ्या दिवशी काजल वर्गात शिरली आणि सगळा वर्ग हंबरला. पुढे वर्षभर हंबरत होता. गोपिकासुद्धा.

म्हणून इथे ती मला उन्हात बांधायची, सावलीत बांधायची, थंडीतही बांधायची. ट्यूशनमध्ये मागच्या बाकावर बसून मला हनुवटीपर्यंत उतरवायची, आणि सर फळ्याकडे वळले की परत वर. सर म्हणायचे, "ती दुपट्टेवाली, तू सांग." नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. बरंच आहे, मी म्हणायचो. भिवापूर काय नि नागपूर काय, पळसाला पानं तीनच.

एक मात्र कबूल करतो. घरी जाताना तिचे ओठ माझ्याआड हलायचे. 'तुझी वही देशील का', 'उद्या येशील ना', असलं काहीतरी साधं ती जुळवत राहायची. ते कधी बाहेर पडलं नाही, सगळं माझ्यातच जिरलं. मला तिचा रागच यायचा. एवढं पोळूनही हिला माणसंच हवीत.

मग आली एप्रिलमधली ती दुपार. ट्यूशन सुटली, पोरींनी तोंडं बांधली, आणि बांधल्यावर सगळ्या एकसारख्या. त्यात दीप्ती नावाच्या पोरीकडे माझाच एक भाऊ होता, निळ्या फुलांचा. तिची मैत्रीण वेदिका पार्किंगमध्ये धावत आली आणि तिनं काजलचाच हात धरला.

"दीप्ती, मले बारा मार्क पडले वं. घरी बहात्तर सांगून बसली मी. बाबा सगळ्या ऑफिसले सांगून राहिले. कोणाले सांगू नको." आणि ती रडायला लागली.

मी काजलला समजावलं. गप राहा, मान हलव आणि चालती हो. आता कोणाचं तरी गुपित तुझ्या हाती आहे, हंबरायची पाळी तुझी. इतकं शहाणपणाचं दुसरं कोण सांगेल? पण काजल गाठ सोडायला लागली. मी गाठ धरून ठेवली. होय, मुद्दाम. तिनं हिसडा दिला, माझा कोपरा टर्रकन फाटला आणि भर उन्हात तिचं तोंड उघडं पडलं.

"मी दीप्ती नाही," ती म्हणाली. "मी काजल. मागच्या बाकावरची."

वेदिका दोन पावलं मागे सरली. "मंग काहून ऐकून राहिली होती? आता सांगशील सगळ्यांले."

"नाही सांगत," काजल म्हणाली. "तुले भरोसा नसंल तर माही एक गोष्ट तुह्याजवळ ठेव." आणि तिनं वासराचं सगळं सांगून टाकलं, वर्गाच्या हंबरण्यासकट.

आता ही हंबरणार. मी पैज लावायला तयार होतो. वेदिकानं नाक पुसलं.

"वासराचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"टिकली," काजल म्हणाली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

आज माझी दशा बघा. वेदिकाच्या मोपेडची सीट उन्हात तापते, म्हणून मला तिच्यावर अंथरतात. दोघी माझ्यावर बसून नंदनवनापर्यंत बडबडत जातात. वेदिकानं घरी बारा मार्क सांगितले, तेव्हा काजल तिच्या दाराबाहेर उभी होती. जे बोलणं माझ्यात जिरायचं, ते आता मी खालून ऐकतो.

माणसांवर माझा अजूनही विश्वास नाही. काजलचा बसलाय, तोही एकीवरच. तरी जाता जाता सांगतो. ऊन लागलं तर मला खुशाल बांधा, पण गाठ सैल मारा. मी धरून ठेवतो, ती माझी खोड आहे. आणि प्रत्येकीला हिसडा देता येतोच असं नाही.