बारामाशी

ज्योतिबा गावाहून आला तो रिकाम्या हाताने नाही. हिरवी साडी, खण, नारळ असं सगळं त्याने कोपरखैरण्याच्या त्या छोट्या घरात टीव्हीसमोर मांडलं आणि धाकट्या भावाच्या विधवेला गोड आवाजात म्हणाला, "बाळाबाई, उत्कर्षाची ओटी भरा. पोरीला कुलदेवीला नेऊन आणतो. गाडी खाली उभी हाय."

 हेच शब्द बाळाबाईने पूर्वी एकदा ऐकले होते. नवी नवरी असताना नणंदेची, प्रेमलाची, ओटी तिनेच भरली होती. प्रेमलाचं मन परजातीतल्या पोरावर बसलं होतं. देवीला गेलेली प्रेमला परत आली नाही. विहिरीवर पाय घसरला म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, बाळाबाईनेही.

आता उत्कर्षाचा सनी, तोही परजातीचाच. दोघांनी लग्न ठरवलं होतं आणि ते गावापर्यंत पोचलं होतं. पण भावजी सनीचं नाव काढत नव्हते. चिडले असते तर एक वेळ बरं वाटलं असतं.

"आपलं रक्त बारामाशी," बशीत चहा ओतत ज्योतिबा म्हणाला. "बारा मासे भरले तर तोळा. एक कमी पडला की अक्करमाशी. मग सोनं असू दे न्हाईतर औलाद."

नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! मेलेल्या भावाचं शेत गिळताना या बारामाशाला रक्त आठवलं नव्हतं.

उत्कर्षा केस विंचरून बाहेर आली. "आई, एका दिवसाचं तर आहे. येते ना जाऊन."

"थांब," बाळाबाई म्हणाली. "भावजी, देवीपुढं खोटं चालत न्हाई. माझ्या आईचं लगीन झालंच नव्हतं. बापानं तिला नुसती ठेवली होती. मी अक्करमाशी, माझी लेकबी तशीच. तुमच्या बारामाशी रक्ताची न्हाईच ती. सोडा तिला."

धादांत खोटं. आईच्या लग्नाचा फोटो कपाटात होता. बाळाबाईने मनातल्या मनात मेलेल्या आईचे पाय धरले.

ज्योतिबाने भरलेली बशी खाली ठेवली. या घरचा चहा आता त्याला चालणार नव्हता. सुटली पोर, असं बाळाबाईला वाटलं.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "सिताराम," खालच्या ड्रायव्हरला तो त्याच गोड आवाजात म्हणाला, "मागची शीट मोकळी कर. दोघी येत्यात."