प्रितीच्या फॉर्मवरची सही

मी खोटं बोलले नाही. फक्त खरं सांगितलं नाही. हे मी सहा महिने स्वतःला ऐकवत होते. वा गं शहाणी! कायदा शिकून अक्कल चालवली ती कुठे, तर स्वतःची कातडी वाचवायला.

सुरुवात बाबांपासून करायला हवी. गिरणी बंद पडल्यावर दौलतराव, म्हणजे माझे बाबा, फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले. चोवीस वर्षं त्यांनी तिथे चहा दिला, फायली वाहिल्या, कोर्टात कागद पोचवले. वकील काय गल्लोगल्ली सापडतात, पण सॉलिसिटर म्हणजे वेगळी गोष्ट, हे त्यांचं ठाम मत. माझं एलएलबी झालं तेव्हा मैत्रिणी सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसत होत्या आणि मलाही तेच बरं वाटत होतं. पण बाबांनी मला न विचारताच साहेबांशी बोलून माझी उमेदवारी पक्की केली. तीन वर्षं सॉलिसिटरच्या हाताखाली राबायचं आणि मग परीक्षा द्यायची. परीक्षा अशी की हुशार हुशार पोरं दोन-दोन, तीन-तीनदा बसतात.

उमेदवारीत जे मिळतं त्यात जेमतेम जाणं-येणं आणि दुपारचा वडापाव भागतो. फी, पुस्तकं, क्लास, सगळं आमच्या परळच्या चाळीतल्या विहाराच्या शिक्षण फंडातून झालं. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून घरटी वर्गणी निघते. फंड सांभाळतात अण्णा, महापालिकेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांचा नियम एकच. पैसे परत करायचे नाहीत, पण पास झालात की पुढच्या मुलाच्या फॉर्मवर शिफारस लिहून, हुद्दा टाकून सही करायची. ती सही नसेल तर फॉर्म पुढे सरकत नाही. ज्यानं खाल्लं त्यानं पुढच्याला वाढायचं, असं ते म्हणत. मला तेव्हा हा नियम फार आवडला होता.

निकालाच्या दिवशी मी एका पेपरात उडाले. साहेबांना आधी कळलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीतून उठले, हात हातात घेतला आणि म्हणाले की पुढच्या वेळी होईल, मन लावून बस. माणूस चांगला आहे. आता नेमके त्याच दुपारी बाबा, महिन्याभरापूर्वी रिटायर झालेले, पीएफच्या कागदावर सही घ्यायला ऑफिसात आलेले. त्यांनी हे सगळं काचेतून बघितलं. चोवीस वर्षांत साहेब खुर्चीतून उठून हात मिळवताना त्यांनी एकाच कारणासाठी बघितले होते, उमेदवार पास झाला की. बाबा मला न भेटताच निघाले. सही राहिली ती राहिलीच.

मी संध्याकाळी चाळीत शिरले तर जिन्याखाली माझ्या फोटोचा फ्लेक्स बांधणं चालू होतं, वर मोठ्या अक्षरांत 'सॉलिसिटर मित्रा'. फोटो माझ्या चुलत बहिणीच्या लग्नातला, नथ घातलेला. बाबा प्रत्येक दारात जाऊन पेढे देत होते आणि साहेब कसे उठले ते करून दाखवत होते. मला बघून ते नुसते रडले. माझी आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. परवा विहारात सत्कार झाला, शाल मिळाली, आणि ती शाल अंगावर घेऊन मी भाषणही केलं. लाज कशी नाही वाटली म्हणाल तर वाटत होती की. पण लाज वाटते म्हणून माणूस खरं बोलतंच असं नाही. उलट जास्त घट्ट तोंड मिटतं.

परीक्षेला मी पुन्हा बसणारच होते. ऑफिसात काम आहे सांगून थांबायचं आणि अभ्यास करायचा. सहा महिन्यांचा प्रश्न, पास झाले की खोट्याचं आपोआप खरं होईल, असा हिशोब.

मध्ये आली प्रिती. समोरच्या गॅलरीतल्या कालिंदीमावशीची मुलगी. मावशी इथल्याच एका हॉस्पिटलात आया आहे. माझ्या पहिल्या परीक्षेच्या वेळी प्रितीच पुस्तक धरून मला प्रश्न विचारायची, आणि उत्तर माझ्याआधी तिला यायचं. तिचं एलएलबी झालं होतं, साहेबांना नवा उमेदवार हवा होता, महिनाअखेरपर्यंत नाव कळवायचं होतं. फंडाचा फॉर्म तिनं स्वच्छ अक्षरात भरला.

रविवारी वंदना झाल्यावर अण्णांनी तो माझ्यापुढे ठेवला. पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. खाली छापलेलं होतं, शिफारस करणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही. बाजूला सात-आठ माणसं बसलेली, त्यात बाबा. गप्प राहणं वेगळं, पण नावापुढे सॉलिसिटर लिहून सही ठोकायची म्हणजे काय, हेच तर मला तीन वर्षं शिकवलं होतं. तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी बाबांकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं ते हे.

"अण्णा, प्रितीची तयारी नाही अजून. तिला हे झेपणार नाही."

प्रिती दाराशी सगळ्यांना पाणी देत होती. तिनं ऐकलं. अण्णांनी मला दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं, वर तिचं इंग्रजी कच्चं आहे असंही जोडलं. कालिंदीमावशी एवढंच म्हणाली की मित्राला कळतं, ती आता त्यातली आहे. अण्णांनी पेन खिशाला लावलं आणि फॉर्म घडी करून मावशीला परत दिला.

प्रितीनं प्रभादेवीला एका विम्याच्या कंपनीत फोन घ्यायची नोकरी धरली. जिन्यात भेटली की आधीसारखंच हसायची, ताई जेवलीस का विचारायची. एकदा तरी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी तिला टाळायला मागच्या जिन्यानं जायला लागले.

मग निकाल लागला आणि मी पास झाले. खरीखुरी. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, पण ते आनंदाचं रडणं नव्हतं. पास झाल्याचं मी सांगणार कुणाला? सगळ्या चाळीच्या लेखी ती बातमी सहा महिने शिळी होती. एकाच ठिकाणी जायचं होतं. संध्याकाळी मी थेट समोरच्या गॅलरीत गेले. प्रिती नुकतीच कामावरून आली होती, दारात बसून सँडलचा पट्टा सोडत होती. मी घाईघाईनं म्हटलं, तो फॉर्म काढ, आज सही करते, साहेबांशी मी बोलते.

ती हसली. म्हणाली, "नको ताई. तू बोललीस ते बरोबरच होतं. मी पण नंतर नीट विचार केला. पुस्तकं रद्दीत घातली."

मला वाटत होतं ती माझ्यावर रागावली असेल. तिनं तर माझं म्हणणं पटवून घेतलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मी तेव्हा नापास होते. बाबांनी काचेतून काय बघितलं, मी का गप्प बसले, फॉर्मवर सॉलिसिटर लिहायची हिंमत नव्हती म्हणून तुझ्यावर ढकललं. आज पास झाले, म्हणून आज आले.

शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे मला झेपलं असतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

तिनं दुसरा सँडल काढला, दोन्ही नीट भिंतीला लावून ठेवले. ओरडली नाही. म्हणाली, "आई आत आहे. तिला सांग. तुझ्या बाबांना नंतर, अण्णांना नंतर, आधी तिला. इतके महिने ती मला समजावतेय की बाळा, आपली कुवत ओळखावी."

मी चपला काढून आत गेले. कालिंदीमावशी मेथी निवडत बसली होती. मला बघून तिनं भाजी बाजूला सारली, सतरंजी झटकली.

"ये गं सॉलिसिटरबाई," ती म्हणाली, "बस."

ते नाव त्या दिवशी पहिल्यांदाच खरं होतं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगायला सुरुवात केली.